बारा जागा



संयोजकांनी मला ‘माहिती तंत्रज्ञानातील संधी’ असा विषय दिला होता. तो मी घेतला नाही, माफ करा. त्यावर बोलले तर निम्म्या लोकांना झोप लागेल आणि उरलेले पंगतीकडे पळतील. मी खो-खोवर बोलणार आहे. खरं तर खो-खोवरही नाही. कोणती पोरगी कोणाच्या संघातून खेळणार हे कोण आणि कसं ठरवतं, त्यावर.

दोन महिन्यांपूर्वी आपल्या कर्णधाराचा फोन आला. नाव घेऊ नको असं तिनं बजावलंय. ती तिसऱ्या रांगेत बसलीय आणि ती कोण हे तुम्हाला माहीतच आहे. तिची मुलगी यंदा बारावीला आहे, खो-खो खेळते, आणि आईसारखीच खेळते. फोनवर म्हणाली, “तू एवढी शिकलीस, सांग की मला. पोरीला कॉम्प्युटर करायचंय आणि खेळणंही सोडायचं नाही म्हणती. कुठं टाकू हिला?”

मला वाटलं, पाच मिनिटांत उत्तर देईन. दोन महिने झाले, अजून देते आहे.

जरा मागे जाते. आपले पीटीचे सर सांगायचे ते आठवत असेल. १९८१ च्या महाराष्ट्र दिनाला जालना जिल्हा झाला. त्याआधी अंबड औरंगाबाद जिल्ह्यात. म्हणजे तालुका जिंकला की जिल्ह्याला थेट औरंगाबाद, पंचाहत्तर किलोमीटर, आणि समोर शहरातल्या शाळा. जिल्हा वेगळा झाला आणि जिल्हास्तर तासाभरावर जालन्याला आला. पोरं तीच, मैदान तेच, पायात तेव्हाही काही नव्हतं आणि नंतरही नव्हतं. पण ‘जिल्हास्तरीय’ लिहिलेलं प्रमाणपत्र जवळ आलं. सर हे हसत सांगायचे. मला त्यातली गंमत फार उशिरा कळली.

आपल्या आई-वडिलांच्या पिढीत तर यापेक्षा मोठी उलथापालथ झाली. मराठवाड्यातली महाविद्यालयं हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाकडे होती. १९५८ साली औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ झालं आणि सगळं इकडे आलं. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला, आणि त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ निघालं. नांदेड, लातूर, परभणी तिकडे गेले, पुढे परभणीतून निघालेला हिंगोलीही तिकडेच. औरंगाबाद, जालना, बीड, उस्मानाबाद इकडे राहिले. म्हणजे घनसावंगी-परतूरच्या पुढे जिथं जालना जिल्हा संपतो, तिथंच विद्यापीठही संपायला लागलं.

आपल्याला तेव्हा याचं काय? आपण नववी-दहावीत होतो. पण ती रेघ आपल्या संघाच्या मधून गेली.

आपल्या नऊ जणींपैकी तिघीच पुढे खेळल्या. कर्णधार अंबडलाच बी. ए.ला गेली. आपली खांबावरची, जिच्या हातून खांबाजवळ कोणी सुटायचं नाही ती, मावशीकडे सेलूला गेली. परतूरला रेल्वेत बसलं की सेलू काही लांब नाही, पण ते परभणी जिल्ह्यात, म्हणजे नांदेड विद्यापीठात. आणि मी औरंगाबादला अभियांत्रिकीला. त्या वेळी आमची अभियांत्रिकी महाविद्यालयंही त्याच विद्यापीठात होती, त्यामुळे माझा संघ आणि कर्णधाराचा संघ एकाच आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत. हे लक्षात ठेवा, याच्यावर परत येणार आहे.

१९९९ साली आम्ही समोरासमोर आलो. आमच्या महाविद्यालयात मुलीच कमी, कशाबशा नऊ जमवलेल्या, त्यातल्या दोघींना खो कधी द्यायचा हे बसमध्ये शिकवलेलं. पण आम्हाला बस होती आणि एकसारखे टी-शर्ट होते. अंबडच्या मुली एसटीनं आल्या आणि त्यांनी आम्हाला डावानं हरवलं. मी पहिल्या तुकडीत पळत होते. कर्णधारानं सूर मारला आणि माझी टाच धरली. बाद केल्यावर उठून म्हणाली, “लागलं का गं?” लागलं होतं. मी नाही म्हणाले.

मग विद्यापीठाच्या संघाची यादी लागली. बारा नावं. तिचं नाव नव्हतं.

अन्याय झाला असं मी म्हणणार नाही, कारण पुढचे सामने मी बसून पाहिले होते. उस्मानाबादच्या मुली वेगळ्याच होत्या. त्यांचा पळतीचा खेळ पाहताना आपण इतकी वर्षं नुसतं धावत होतो असं वाटायचं. भारताची कर्णधार राहिलेली सारिका काळे त्याच जिल्ह्यातली, तिला २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळाला. अशा जिल्ह्याबरोबर एका विद्यापीठात असणं म्हणजे काय ते ओळखा.

त्याच हंगामात सेलूची आपली मैत्रीण नांदेडच्या संघात आली. पश्चिम विभागाची आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळली. प्रमाणपत्र मिळालं, बीपीएडच्या प्रवेशाला ते उपयोगी पडलं, आज ती क्रीडाशिक्षिका आहे. तिची मेहनत मी कमी लेखत नाही, लातूर-परभणीच्या मुलीही काही कच्च्या नव्हत्या. पण हिशोब साधा आहे. एक विद्यापीठ होतं तेव्हा सगळ्या जिल्ह्यांना मिळून बारा जागा होत्या. दोन झाली तेव्हा चोवीस झाल्या. दोघींपैकी चांगली कोण, हे विचारलं तर दोघीही एकीचंच नाव घेतात, आणि ती क्रीडाशिक्षिका नाही.

आता यातला अमेरिकेचा भाग. माझं काम पुण्यातून चालतं, पण निम्मी टीम कॅलिफोर्नियात. तिकडे महाविद्यालयांच्या खेळांचे गट असतात, आपल्या विभागांसारखे, फक्त ते सरकार ठरवत नाही, विद्यापीठं आपापसात करार करून ठरवतात. पश्चिम किनाऱ्यावरचा पॅक-१२ नावाचा गट १९१५ पासूनचा. २०२४ साली त्यातल्या बारापैकी दहा विद्यापीठांनी तो सोडला, दोनच उरली. कारण दूरचित्रवाणीचा पैसा. दुसऱ्या गटांचे प्रक्षेपणाचे करार मोठे होते. स्टॅनफर्ड पॅसिफिकच्या काठावर, पण खेळतं अटलांटिक किनाऱ्याच्या गटात. पैसा येतो तो फुटबॉलच्या सामन्यांवर, पण व्हॉलीबॉलच्या मुलीही आता परीक्षेच्या दिवसांत देश ओलांडून सामन्याला जातात. आमचा एक सहकारी यावर दर सोमवारी तावातावानं बोलतो: पुढच्या वर्षी कोण फुटणार, कोण कुठे जाणार. मी बरीच वर्षं हसत होते. कर्णधाराचा फोन आल्यावर हसू थांबलं, कारण शोधायला बसले तर आपल्याकडेही तेच चाललंय, फक्त त्यावर कोणी तावातावानं बोलत नाही.

बघा ना. लोणेऱ्याचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ गेल्या काही वर्षांत राज्यभरातली अभियांत्रिकी महाविद्यालयं संलग्न करून घेतंय, मराठवाड्यातलीही. लोणेरे रायगड जिल्ह्यात, इथून चारशे किलोमीटरच्या वर. म्हणजे कर्णधाराची मुलगी अशा महाविद्यालयात गेली तर घरापासून तासाभरावर शिकेल आणि छातीवर नाव लोणेऱ्याचं असेल. स्टॅनफर्ड अटलांटिकला, आपण कोकणात. वैद्यकीयच्या मुली १९९८ पासून नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या, कृषीच्या परभणीच्या. अंबडच्या बी. ए.च्या पोरीनं अभियांत्रिकीच्या पोरीची टाच धरावी, हे आता बहुतेक होणारच नाही. त्यांची गाठच पडत नाही.

दुसरीकडे खासगी विद्यापीठं. छत्रपती संभाजीनगरमध्येच आता एकाहून जास्त विद्यापीठं आहेत आणि प्रत्येकाला आपला वेगळा संघ उतरवता येतो. देशात काही खासगी विद्यापीठं खेळाडूंची फी माफ करून संघ बांधतात. बंगळुरूच्या जैन विद्यापीठानं, नंतर चंदीगड विद्यापीठानं खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेचं विजेतेपद मिळवलं, तेही जुन्या नावाजलेल्या विद्यापीठांना मागे टाकून. खो-खोला अजून तेवढा पैसा नाही. पण जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला पहिला विश्वचषक झाला, आपल्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० नं हरवलं, आणि कर्णधार प्रियंका इंगळे, मूळची आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यातली. घरोघरी टीव्हीवर पाहिलं लोकांनी. पैसा येईल. आणि पैसा आला की रेघा परत हलतील.

माझा अंदाज मागाल तर सांगते, चुकला तर पुढच्या मेळाव्यात कान धरा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात संलग्नतेची पद्धतच पंधरा वर्षांत टप्प्याटप्प्यानं बंद करायचं लिहिलंय. महाविद्यालयं स्वायत्त व्हावीत, पदवी स्वतः द्यावी. तसं पूर्णपणे होईल असं मला वाटत नाही, पण निम्मं तरी होईल. मग ‘विद्यापीठाचा संघ’ म्हणजे काय राहील? मोठी शहरी महाविद्यालयं स्वतःचा संघ उतरवतील. अंबड, भोकरदन, मंठ्याची महाविद्यालयं उरलेल्या विद्यापीठात राहतील. कदाचित सोलापूरसारखं एका जिल्ह्याचं विद्यापीठ जालन्यालाही मागितलं जाईल. तसं झालं तर आपल्या आठ तालुक्यांच्या वाट्याला बारा जागा. माझी कर्णधार त्या संघात डोळे मिटून आली असती.

पण मग ती धाराशिवच्या मुलींशी कधी खेळली असती? हे मला सुटत नाही. जागा वाढल्या की प्रमाणपत्रं वाढतात, खेळ वाढतोच असं नाही. लहान विद्यापीठाचा संघ पश्चिम विभागात जाऊन पहिल्याच फेरीत डावानं हरून परत येऊ शकतो. विभागातले पहिले चारच अखिल भारतीय स्पर्धेला जातात. मी हे कर्णधाराला म्हटलं, तर ती म्हणाली, “हरू दे की. विभागाला जाऊन तर हरल. मी तर गेलेच नाही.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

प्रोग्रॅमरची सवय, म्हणून मी एक तक्ता केला. मुलीला शक्य असलेली महाविद्यालयं, त्यांचं विद्यापीठ, घरापासूनचं अंतर, फी, मुलींचा खो-खो संघ आहे का, मैदान खरंच आहे का फक्त माहितीपुस्तिकेत आहे. शेवटचा रकाना भरायला मी आणि सेलूची आपली मैत्रीण दिवाळीच्या सुट्टीत दोन दिवस फिरलो. एका ठिकाणी मैदान म्हणून दाखवलं तिथं गाड्या लावलेल्या होत्या. तक्त्यात सध्या पाच नावं उरलीत. मुलीला बीसीए चालणार असेल तर सहावं नाव अंबडच्या आसपासचं आहे, आणि खेळाच्या दृष्टीनं तेच मला बरं वाटतंय, कारण मग ती याच विद्यापीठात राहते आणि धाराशिवच्या मुली समोर येतात. कर्णधाराला ते पटलेलं नाही. मुलीचं मत मला अजून कळलेलं नाही, ती मावशी म्हणते आणि हसते. जूनपर्यंत वेळ आहे. इथं क्रीडा क्षेत्रातले, महाविद्यालयांतले बरेच जण बसलेत, पीटीचे सर समोर आहेत. जेवताना मला गाठा, तक्ता मोबाइलमध्ये आहे.

आणि उद्या सकाळी सात वाजता शाळेच्या मैदानावर जुन्या मुलींचा सामना आहे, समोर नववीच्या मुली. कर्णधारानं चुना आणून ठेवलाय, खांब सर बघतो म्हणालेत. आपल्या आत्ता सात झाल्यात. दोन कमी पडतात.