आज कोण भेटलं?



आयोजकांनी मला सॉफ्टवेअर क्षेत्रातल्या संधींवर बोलायला सांगितलं होतं. त्यांची माफी मागून मी आज आपल्या आईवडिलांविषयी बोलणार आहे. आपल्यातले बरेच जण नागपूर, पुणे, हैदराबादहून आलो आहोत. आईवडील मात्र इथेच मोहाडीत आहेत.

बाबा गेल्यावर मी आईला पुण्याला नेलं. अकराव्या मजल्यावरचं घर, आम्ही दोघंही दिवसभर कामावर. महिनाभरात आईचं बोलणं फक्त वॉचमनपुरतं उरलं. मी रोज विचारायची, "जेवलीस? गोळी घेतलीस?" ती "हो" म्हणायची. मला वाटायचं, सगळं ठीक आहे.

पुण्यात पाषाण, बाणेर, बावधन भागांत ज्येष्ठांसाठी 'अथश्री' नावाच्या वसाहती आहेत. एका मैत्रिणीचे आईवडील बाणेरला राहतात. एका संध्याकाळी आईला तिकडे घेऊन गेले. तिथे कॅरम सुरू होता, एका कोपऱ्यात गाण्यांची तालीम चालली होती. बायकांनी आईला मध्ये बसवलं. आई म्हणाली, "दिवाळीनंतर आम्ही मंडईला जातो, रात्रभर जागतो." एका काकूंनी विचारलं, "भाजी घ्यायला रात्रभर?" मग आईने त्यांना आपली मंडई समजावली, दंडार कशी असते ते हातवारे करून दाखवलं. सगळ्या पोट धरून हसल्या. बाबा गेल्यानंतर आईला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

परत येताना विचारलं, "इथे राहतेस का?" आई म्हणाली, "बाई, घर आपलं मोहाडीलाच. पण असं बसायला तिथं तरी आता कोण आहे?"

हे मला नवीन होतं. गावात सोबत असतेच, असं मी धरून चालले होते. पण आमच्या गल्लीत तीन घरांना कुलूप आहे. पुरुषांना निदान पानठेला आहे, देवळाचा पार आहे. गुडघे दुखणाऱ्या बाईला मात्र टीव्ही सोडून काही नाही.

मग मी इंजिनियरच्या नजरेने त्या संध्याकाळचा हिशेब मांडला. इमारत महाग होती, पण मजा चार गोष्टींमुळे होती: ठरलेली वेळ, पाठ टेकायला खुर्ची, जवळ बाथरूम, आणि कोणी आलं नाही तर चौकशी करणारं माणूस. या चारही गोष्टी मोहाडीत होऊ शकतात.

आई परत आली. आता मंगळवारी आणि शनिवारी चार वाजता आमच्या छपरीत पाच जणी बसतात. पहिले दोन आठवडे एकच बाई आली होती. आईने घरोघरी जाऊन बोलावलं, तेव्हा कुठे बैठक जमली. गेल्या महिन्यात पाचही जणी एसटीने रामटेकला जाऊन आल्या. पंचाहत्तरी ओलांडलेल्या दोघींना २०२२ पासूनच्या अमृत योजनेत प्रवास फुकट, बाकी तिघींना अर्धं तिकीट. पाच जणी कमी वाटतील, पण १९९५ मध्ये मुंबईत डॉ. मदन कटारिया यांनी पहिला हास्यक्लब सुरू केला, तेव्हा बागेत पाचच माणसं होती.

आता मागणं. मी पुण्याहून फोन करू शकते, दार ठोठावू शकत नाही. ते काम गावात राहणाऱ्या मित्रमैत्रिणींनी घ्यावं. खुर्च्यांचा खर्च आम्ही बाहेरचे करू. आणि शाळेला विनंती आहे, रविवारी तळमजल्यावरची एक खोली उघडून द्यावी. पायऱ्या चढाव्या लागू नयेत, एवढंच.

जेवणाच्या मंडपात दाराशी एक वही ठेवली आहे. तिच्यात आपलं नाव नको. आईचं, बाबांचं नाव आणि गल्ली लिहा. आणि आज रात्रीपासून फोनवर एक प्रश्न जास्तीचा विचारा: "आज कोण भेटलं?" उत्तर यायला वेळ लागला, तर समजून घ्या.