खेळाचे फोटो काढायचेत? मग कॅमेरा घेण्याआधी हे ऐका

आजचा विषय कॅमेरा. तोही खेळाचे फोटो काढण्यासाठी.

सुरुवात माझ्या फजितीपासून करतो. आमच्या आंधळगावात रात्रीचे कबड्डीचे सामने होते. माझ्याकडे नवाकोरा कॅमेरा, २४ मेगापिक्सेल, सोबत मिळालेली साधी झूम लेन्स. मामाच्या मुलाने शेवटच्या चढाईत दोन गडी बाद करून सामना काढला. मी धडाधड बटन दाबत होतो. घरी आल्यावर त्याने स्क्रीन बघितली आणि विचारलं, "दादा, ह्यात मी कोनता?" सगळे फोटो हललेले! ती चढाई काही परत होणार नव्हती.

कॅमेरा खराब नव्हता. मी मेगापिक्सेल बघून घेतला, हे चुकलं.

बघा, पळणारा माणूस फोटोत स्थिर दिसायला शटर वेगवान लागतं. कबड्डीला निदान १/५०० सेकंद, शंकरपटातल्या बैलजोडीला १/१००० किंवा त्याहून वेगवान. पण शटर जितका कमी वेळ उघडं, तितका प्रकाश कमी. पट दिवसा असतो, तिथे साधी लेन्सही भागवते. रात्रीची कबड्डी तिथेच अडते. साधी लेन्स झूम केली की एफ ५.६ पर्यंतच उघडते. एफ १.८ वाली लेन्स त्याच्या जवळपास १० पट प्रकाश आत घेते! ५० एमएम एफ १.८ ही बऱ्याच कंपन्यांच्या स्वस्त लेन्सपैकी एक. पुरुषांचं कबड्डीचं मैदान १३ बाय १० मीटरचं, त्यामुळे कडेला बसलात तर लांबच्या झूमची गरजच नाही. क्रिकेट असेल तर मात्र ती लागतेच.

दुसरं, ऑटोफोकस. दुकानात मित्राला तुमच्याकडे चालत यायला सांगा, कंटिन्युअस फोकस लावा, सलग फोटो काढा आणि झूम करून डोळे बघा. तिसरं, सलग किती फोटो निघाल्यावर कॅमेरा अडखळतो तेही तिथेच मोजा.

चौथी गोष्ट कोणी सांगत नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. एक फोटो उजळ, पुढचा काळपट! कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर आहे का, विचारा. आणि अशा दिव्यांखाली आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर शक्यतो टाळा, फोटोवर पट्टे येतात.

बजेट कमी असेल तर बॉडी जुनी घ्या, पैसे लेन्सवर लावा. जुन्या बॉडीचं शटर किती वेळा चाललंय, तेवढं तपासा.

आता मामाचा मुलगाच साठवलेल्या पैशातून कॅमेरा घेतो म्हणतोय. मी म्हटलं, हप्ते बांधण्याआधी माझाच कॅमेरा आणि ५० एमएम घेऊन एक रात्र मैदानाच्या कडेला बस. मग ठरव.

तुम्हीही तेच करा. एक दिवस कोणाचा तरी कॅमेरा मागून घ्या. भेटू पुढच्या भागात!