गाडी विजेची, करार कोणाचा?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषणाचे शब्दांकन)

मी आज विजेच्या गाड्यांवर बोलणार असं कळल्यावर चहाच्या वेळी एकजण म्हणाली, "ताई, बॅटरी, मोटर हे पुरुषांचे विषय. त्यात आपलं काय?" मी तिथूनच सुरुवात करते.

१ जून १९४८ ला एसटीची पहिली गाडी पुण्याहून अहमदनगरला धावली. त्याच मार्गावर, १ जून २०२२ ला, एसटीची पहिली विजेची गाडी धावली. १७ मार्च २०२३ पासून एसटीत आपल्याला अर्धं तिकीट आहे. म्हणजे गाडीत बसणाऱ्या आपण आहोतच. प्रश्न असा, की ती चालवणारी, दुरुस्त करणारी, तिचा हिशेब ठेवणारी कोण?

गाडी बदलली हे चांगलंच झालं. डिझेलच्या धुराने कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये स्पष्ट सांगितलं. हा धूर सगळ्यात जास्त कोण खातं? रस्त्याकडेला भाजी विकणारी, रस्ता झाडणारी, थांब्यावर लेकरू कडेवर घेऊन उभी असलेली. तेव्हा विजेच्या गाडीला आपला विरोध नाही. (अर्थात धूर संपतो असं नाही. त्यातला काही चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राशेजारच्या बायाबापड्यांकडे जातो. तेही विसरायचं नाही.)

पण गाडीबरोबर गुपचूप आणखी एक गोष्ट बदलली. पूर्वी बस महामंडळाची, चालक महामंडळाचा, कार्यशाळा महामंडळाची. विजेच्या बहुतेक बस आता कंत्राटावर येतात. बस कंपनीची, चालक कंपनीचा, देखभाल कंपनीची. महामंडळ किंवा पालिका किलोमीटरमागे ठरलेले पैसे देते. विजेची बस महाग, एकरकमी पैसे नाहीत, म्हणून हा मार्ग, असं सांगतात. त्यात तथ्य आहे. पण सरकारी नोकरभरतीत स्त्रियांसाठी ३० टक्के जागा आपण भांडून मिळवल्या. कंत्राटदाराच्या भरतीला ती अट आपोआप लागत नाही. एका बाजूने दार उघडावं आणि दुसऱ्या बाजूने भिंतच हलवावी, तसं हे झालं. कंत्राटी चालकांना किती तुटपुंजं मिळतं, ते ऑगस्ट २०२३ मध्ये मुंबईत बेस्टच्या भाडेतत्त्वावरील बसचे चालक पगारवाढीसाठी संपावर गेले तेव्हा सगळ्यांनी पाहिलं.

आता कोणी म्हणेल, बायकांना बस झेपणार नाही. ताकद लागते. मी विचारते, कसली ताकद? विजेच्या बसमध्ये क्लच नाही, दर मिनिटाला गिअर ओढणं नाही. दिल्लीचं उदाहरण घ्या. तिथे २०२२ मध्ये सरकारने नियम बदलले. स्त्रियांसाठी किमान उंचीची अट १५९ सेंटिमीटरवरून १५३ वर आणली, अवजड वाहनाच्या परवान्यानंतर तीन वर्षांच्या अनुभवाची अट महिन्यावर आणली. त्यानंतर बायका चालक म्हणून येऊ लागल्या. बायका अचानक ताकदवान झाल्या नव्हत्या, अटी बदलल्या होत्या!

मात्र प्रशिक्षणात काटकसर नको. ९ डिसेंबर २०२४ च्या रात्री कुर्ल्यात बेस्टच्या भाडेतत्त्वावरील विजेच्या बसने माणसं चिरडली. सातहून अधिक जीव गेले. चालकाला या प्रकारच्या गाडीचं पुरेसं प्रशिक्षण होतं का, हा प्रश्न तेव्हा पुढे आला. विजेची गाडी पाय ठेवताच पळते, आवाज करत नाही. ती शिकावी लागते. शिकण्याचे दिवस पगारी असावेत, ही मागणी चालक पुरुष असो की स्त्री, दोघांसाठीही आहे.

आता रिक्षा. राज्य सरकारने २०२४ मध्ये १० हजार स्त्रियांना गुलाबी ई-रिक्षा देण्याची योजना जाहीर केली. त्यात २० टक्के सरकार, १० टक्के ती बाई आणि ७० टक्के बँकेचं कर्ज. आमच्या वस्तीतल्या एका मैत्रिणीबरोबर मी कर्जासाठी एका बँकेत गेले. साहेब म्हणाले, "मिस्टरांना घेऊन या." ती म्हणाली, "मिस्टर सहा वर्षांपूर्वी घर सोडून गेले, ते सापडले तर मलाच कळवा!" सगळे हसले, ती हसली नाही. चार खेपा झाल्या, मग संघटनेच्या पाच जणी जाऊन बसलो, तेव्हा कागद हलले.

रिक्षा आली. पण रात्री चार्ज कुठे करायची? खोली भाड्याची, मीटर घरमालकाच्या नावावर. तो म्हणाला, जादा वीज वापरायची नाही. सार्वजनिक चार्जिंगची जागा दीड किलोमीटरवर, रात्री अंधार. तिथे दोन तास एकटीने बसायचं? पुरुष चालक कोपऱ्यावर गप्पा मारत बसतो, बाईला भीतीचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. तेवढे तास भाडं बुडतं आणि हप्ता तर थांबत नाही. योजनेत रिक्षा होती. रात्र कोणी मोजली नव्हती.

म्हणून मैत्रिणींनो, आपण मागायचं ते गाडीबरोबर, नंतर नाही. नंतर सांगतात, करार झाला, आता काही करता येत नाही. बसचं टेंडर निघण्याआधी आपल्या पालिकेला, आपल्या आगाराला विचारा. चालक आणि तंत्रज्ञ म्हणून किती स्त्रिया घेणार, हे करारात लिहिणार का? कंत्राटी कामगाराला कायमच्याइतकं वेतन, प्रसूतीची रजा मिळणार का? आगारात कडी लागणारं स्वच्छतागृह आणि विश्रांतीची खोली आहे का? रिक्षावाल्या बहिणींसाठी वस्तीजवळ, उजेडात चार्जिंगची जागा मिळणार का? माहितीच्या अधिकारात कराराची प्रत मागा आणि गटात मोठ्याने वाचा. कंटाळवाणं वाटेल. पण आपला हक्क आजकाल अशाच कंटाळवाण्या कागदात हरवतो.

चहाच्या वेळी विचारणाऱ्या मैत्रिणीला मी एवढंच सांगेन, बाई, बॅटरी पुरुषांची नाही, लोखंडाचीही नाही. ती कोणाच्या नावावर आहे, यावर सगळं आहे. तो कागद आपण वाचायचा आहे.