लग्न मोडलं ते गोत्रानं



पदवीदान समारंभात पाहुण्यानं नोकरी-धंद्यावर बोलावं, अशी रीत आहे. मी लग्नावर बोलणार आहे, तेही दोन जुन्या नाटकांतल्या. पालकांनी जरा कान देऊन ऐकावं.

अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'संगीत सौभद्र' 1882 सालचं. बलरामानं सुभद्रा दुर्योधनाला द्यायचं ठरवलंय, तिचा जीव अर्जुनावर. अर्जुन संन्याशाच्या वेषात द्वारकेत येतो आणि त्याच्या सेवेला बलरामच बहिणीला धाडतो. प्रेक्षक आजही खुदखुदतात. पण सुभद्रा झुरते, रुसते, गाते. डाव सगळा कृष्णाचा. तिच्या मनासारखं होतं, कारण एक भाऊ दुसऱ्याला भारी पडतो.

गोविंद बल्लाळ देवलांची 'संगीत शारदा' 1899 ची. तिथं पाठीशी कृष्ण नाही. बाप कांचनभट पैशाच्या लोभानं कोवळी शारदा म्हाताऱ्या भुजंगनाथाला द्यायला निघतो. मध्ये भद्रेश्वर दीक्षित हा दलाल. आई इंदिराकाकूचा जीव तुटतो, पण घरात तिच्या शब्दाला वजन नाही. तिकडे द्वारकेत रुक्मिणीचा शब्द चालतो. का? पुराण सांगतं, तिनं भावानं ठरवलेलं शिशुपालाचं स्थळ नाकारून कृष्णाला स्वतः निरोप धाडला होता. मला तरी या दोन बायकांमधला फरक तिथूनच सुरू झालेला दिसतो.

आणि शारदेचं लग्न मोडतं कशानं? तिच्या नकारानं नव्हे. वधू-वर सगोत्र निघतात म्हणून! पोरीचा आकांत कुणी मोजला नाही, गोत्र मोजलं. देवलांनी हा टोमणा मुद्दाम मारलाय की नाही, यावर तुमच्या मराठीच्या सरांशी जरूर भांडा. आजही स्थळांसाठी छापलेल्या बायोडाटात बघा: उंची, रास, गोत्र, मामाचं कूळ, शिक्षण, आणि सगळ्यात खाली 'अपेक्षा'. तो शेवटचा रकाना बहुतेक वेळा वडील नाहीतर मामा भरतात.

बापानं मुलीचं मोल घेऊ नये, असं मनुस्मृतीतही लिहिलंय. बाई स्वातंत्र्याला पात्र नाही, हेही त्याच ग्रंथात. पहिलं वचन कांचनभटांनी धाब्यावर बसवलं, दुसरं तेवढं उचलून धरलं. हा ग्रंथ 25 डिसेंबर 1927 रोजी याच महाडात, बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली जाळला गेला. त्याच मुक्कामात बाबासाहेब बायकांशी वेगळं बोलले आणि मुलींना शिकवा, म्हणाले. 1929 च्या कायद्यानं मुलीचं लग्नाचं वय 14 केलं, आज ते 18 आहे. वयाचं कायद्यानं पाहिलं. मुलीला विचारायचं की नाही, हे मात्र अजून ज्याच्या त्याच्या घरावरच आहे.

मुलींनो, 'अपेक्षा' स्वतःच्या हातानं लिहा. आणि मुलांनो, महाड-पोलादपूरच्या वाड्यांमधून तुम्ही मुंबई-पुण्याला नोकरीला जाल, गणपतीला घरी याल, तेव्हा बहिणीच्या स्थळाची बोलणी चालू असतील. शारदेला वाचवणारा कोदंड व्हायची गरज नाही. चारचौघांत, वडीलधाऱ्यांसमोर, एवढंच विचारा: "तिला विचारलंत का?"