आगबोट ते कंटेनर : सागरी प्रवासाचे बदलते तंत्र आणि माणसाचे कौशल्य

(हीरक महोत्सवी व्याख्यानाचा मजकूर)



महाराष्ट्राबाहेर एखादी मराठी शाळा साठ वर्षे उभी राहते, ती घर सोडून दूर आलेल्या माणसांच्या बळावर. या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांपैकी कित्येक जण आज समुद्रापलीकडे आहेत. रात्री विमानात बसून सकाळी दुसऱ्या खंडात उतरणाऱ्या या पिढीला समुद्र ओलांडणे ही एके काळी किती मोठी गोष्ट होती, याची कल्पना येणे कठीण. म्हणून आजचा विषय आहे जहाजांचा. आणि जहाजे बदलली तेव्हा ती बांधणाऱ्या, चालवणाऱ्या व भरणाऱ्या माणसांचे काय झाले, याचा.

एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी मुंबईची गोदी लाकडी जहाजबांधणीच्या शिखरावर होती. वाडिया घराण्यातील कारागिरांनी सागवानात घडवलेली जहाजे ब्रिटिश आरमार आवर्जून घेई. १८१० साली येथे ‘मिंडेन’ ही ७४ तोफांची युद्धनौका तयार झाली. १८१७ साली बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे पाण्यावर तरंगते आहे. कौशल्यात कोणतीही उणीव नव्हती. परंतु शिडाचे जहाज वाऱ्याच्या मर्जीवर चाले, आणि आफ्रिकेला वळसा घालून इंग्लंड गाठायला चार ते सहा महिने लागत.

२० मार्च १८३० रोजी मुंबईहून ‘ह्यू लिंडसे’ नावाची आगबोट सुएझकडे निघाली. तीही मुंबईतच बांधलेली होती. यंत्रे मात्र इंग्लंडची. तिच्यात साडेपाच दिवस पुरेल एवढ्याच कोळशाची सोय होती आणि एडनपर्यंतचा प्रवास होता अकरा दिवसांचा. तेव्हा प्रवाशांच्या खोल्यांत आणि डेकवरही कोळसा रचण्यात आला. एडनला पोहोचताना अवघ्या काही तासांचा कोळसा शिल्लक होता. तरीही २२ एप्रिलला ती सुएझला लागली. माल आणि उतारू यांना तिच्यात जवळजवळ जागाच उरली नव्हती. व्यापाराच्या दृष्टीने हा प्रयोग तोट्याचा होता. पण वाऱ्याची वाट न पाहता हे अंतर कापता येते, एवढे सिद्ध झाले.

या घटनेचा अर्थ ज्यांनी ओळखला त्यांत वाडिया घराण्यातीलच एक तरुण होता : अर्देशीर कर्सेटजी. लाकडी जहाजांवर घराण्याची कीर्ती उभी असताना त्यांनी बाष्पयंत्राचा अभ्यास आरंभला. १८३३ साली त्यांनी ‘इंडस’ ही छोटी आगबोट बांधली. पुढे ते इंग्लंडला जाऊन शिकले, आणि १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. याउलट मुंबईच्या लाकडी जहाजबांधणीचे वैभव लोखंड आणि वाफ यांपुढे क्रमशः ओसरत गेले. उत्तम कौशल्यही कालबाह्य होऊ शकते, हे या गोदीने पाहिले.

आगबोटीचा खरा शत्रू तिचे स्वतःचे पोट होते. जितका लांबचा पल्ला, तितका अधिक कोळसा. आणि जितका अधिक कोळसा, तितका कमी माल. हा पेच संयुक्त इंजिनाने सोडवला. एका सिलिंडरमध्ये वापरलेली वाफ दुसऱ्या, मोठ्या सिलिंडरमध्ये पुन्हा कामाला लावायची, ही त्यामागील युक्ती. १८६६ साली लिव्हरपूलच्या अल्फ्रेड होल्ट यांच्या ‘अ‍ॅगमेम्नॉन’ जहाजाने या इंजिनाच्या जोरावर थेट चीनचा व्यापार परवडतो हे दाखवून दिले. तीनच वर्षांनी, १७ नोव्हेंबर १८६९ रोजी, सुएझचा कालवा खुला झाला आणि लंडन-मुंबई हे सागरी अंतर सुमारे ४० टक्क्यांनी घटले. हा कालवा शिडाच्या जहाजांना फारसा उपयोगी नव्हता : अरुंद पात्रात वळणे घेता येत नाहीत, आणि तांबड्या समुद्राचे वारेही प्रतिकूल. चहाच्या व्यापारासाठी बांधलेले ‘कटी सार्क’ हे सुप्रसिद्ध शिडाचे जहाज कालवा उघडल्यानंतर पाचच दिवसांनी पाण्यात सोडण्यात आले. ते वेगवान होते, देखणे होते; पण ज्या व्यापारासाठी ते जन्मले तो त्याच्या हातून लवकरच निसटला.

याच बदललेल्या समुद्रावरून ७ एप्रिल १८८३ रोजी अठरा वर्षांची एक मराठी मुलगी कलकत्त्याहून निघाली. आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव तेव्हा श्रीरामपूरला टपालखात्यात होते. त्याच वर्षी फेब्रुवारीत श्रीरामपूर कॉलेजात इंग्रजीतून भाषण करून आनंदीबाईंनी आपण वैद्यक शिकण्यासाठी अमेरिकेला का जात आहोत, हे जाहीरपणे मांडले होते. अमेरिकन मिशनरी स्त्रियांच्या सोबतीने, पतीविना, त्या इंग्लंडमार्गे ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. अठ्ठावन्न दिवस! आगबोट नसती तर हा प्रवास कदाचित घडलाच नसता. मात्र समुद्रगमन निषिद्ध मानणाऱ्या समाजाला उत्तर देण्याचे धैर्य कोणत्याही इंजिनातून येत नाही. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी हेही स्मरावे, की ही यात्रा बंगालच्या भूमीवरून सुरू झाली.

वरच्या मजल्यावर उतारू वारा खात असताना जहाजाच्या तळाशी वेगळेच जग होते. तेथे आगवाले भट्टीत कोळसा लोटत. तांबड्या समुद्राच्या उन्हाळ्यात त्या उष्णतेने माणसे कोसळत. पूर्वेकडील मार्गांवर या कामासाठी हजारो हिंदी खलाशी घेतले जात. डेकवर कोकणातले आणि काठियावाडचे, भट्ट्यांपाशी पंजाब, सरहद्द व सिल्हेटचे, स्वयंपाकघरात आणि भोजनगृहात बहुधा गोव्याचे. त्यांना गोऱ्या खलाशांपेक्षा पुष्कळ कमी पगार मिळे. पुढे कोळशाची जागा तेलाने घेतली. १९१२ साली डेन्मार्कचे ‘सेलँडिया’ हे डिझेल इंजिनाचे जहाज कोपनहेगनहून बँकॉकच्या सफरीवर निघाले. त्यानंतरच्या काही दशकांत आगवाल्याचे काम जवळजवळ नाहीसे झाले. त्या नरकातून सुटका झाली हे खरेच. पण ज्या गावांची चूल त्या पगारावर पेटत होती, त्यांना हा बदल वेगळा दिसला असणार.

उतारूंची जहाजे मात्र वेगळ्याच दिशेने आलेल्या प्रतिस्पर्ध्याने संपवली. १९५८ च्या ऑक्टोबरात अटलांटिकवर जेट विमानांची नियमित सेवा सुरू झाली. १९६० साली एअर इंडियाच्या ताफ्यात बोइंग ७०७ आले, आणि मुंबईहून लंडनचा दोन-तीन आठवड्यांचा प्रवास एका दिवसाच्या आत आला. बॅलार्ड पिअरवर आप्तांना निरोप देण्यासाठी जमणारी गर्दी विमानतळावर गेली.

मालवाहतुकीतील क्रांती त्याहून साधी दिसते. पूर्वी पोती, पिंपे, खोकी एकेक करून चढवावी लागत. जहाजाचा बराचसा काळ बंदरातच जाई. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन या अमेरिकन ट्रकव्यावसायिकाने ‘आयडियल एक्स’ जहाजावरून ५८ पोलादी पेट्या न्यूअर्कहून ह्यूस्टनला धाडल्या. सुटा माल चढवण्याचा टनामागे खर्च ५.८३ डॉलर होता. या पद्धतीत तो सुमारे १६ सेंटवर आला. तरीही केवळ पेटीने जग बदलले नाही. वीस आणि चाळीस फुटांची मापे सर्व देशांनी मान्य केली, कोपऱ्यांच्या जोडाची रचना सर्वांना खुली झाली, तेव्हाच कोणतीही पेटी कोणत्याही जहाजावर, ट्रकवर वा आगगाडीवर बसू लागली.

याची किंमत गोदी कामगारांनी मोजली. लंडनच्या नदीकाठच्या जुन्या गोद्या १९६७ ते १९८१ या काळात एकामागून एक बंद पडल्या. मुंबईचा कंटेनरव्यापार मुख्यतः खाडीपलीकडे गेला. न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ साली सुरू झाले. त्याआधी, जानेवारी १९८४ मध्ये, उरण परिसरातील भूमिपुत्रांनी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी आंदोलन केले. पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे धोरण या संघर्षातून आले. बंदराच्या इतिहासात क्रेनच्या उंचीबरोबर हेही लिहिले गेले पाहिजे.

मार्च २०२१ मध्ये ‘एव्हर गिव्हन’ हे ४०० मीटर लांबीचे जहाज सुएझ कालव्यात आडवे अडकले आणि सहा दिवस जगाचा व्यापार खोळंबला. त्या अवाढव्य जहाजावर अवघे २५ खलाशी होते, आणि ते सर्व भारतीय होते. जहाज मोकळे झाल्यानंतरही नुकसानभरपाईच्या वादामुळे ते जुलैपर्यंत इजिप्तमध्ये अडकून पडले. त्याआधीच्या वर्षी, महामारीच्या काळात, कराराची मुदत संपूनही सुमारे चार लाख खलाशी जगभर जहाजांवरच अडकले होते. दुकानातील वस्तू हाती घेताना ही माणसे दिसत नाहीत. पण ती आहेत.

पालक नेहमी विचारतात : आज जे शिकवले जाते ते वीस वर्षांनी उपयोगी पडेल का? प्रश्न रास्त आहे. वाडियांच्या गोदीचा इतिहास सांगतो की विशिष्ट कसब टिकेलच, याची हमी कोणीही देऊ शकत नाही. अर्देशीर कर्सेटजींनी वडिलोपार्जित विद्येचा अभिमान सोडला नाही, पण नवी विद्या मुळापासून शिकण्यात कमीपणाही मानला नाही. शाळेने मुलांना द्यायची ती हीच सवय : न समजलेली गोष्ट समजेपर्यंत सोडायची नाही. ही सवय मुलाच्या स्वतःच्या भाषेत, प्रश्न विचारण्याचे भय नसेल तेथे, सर्वांत खोल रुजते. त्यासोबत आणखी एक गोष्ट द्यावी. नवे यंत्र पाहताच ‘किती वेगवान?’ असे मुले विचारतीलच. ‘तळाशी कोण काम करते आणि त्याचे पुढे काय होणार?’ हेही त्यांनी विचारावे.

शाळेच्या हीरक महोत्सवाला आणि तिच्या दूरदूरच्या किनाऱ्यांवर पोहोचलेल्या सर्व लेकरांना हार्दिक शुभेच्छा.