दार उघडं, पण उंबरा उंच

आज बोलायचंय कॉम्प्युटरच्या प्रोग्रामबद्दल. "आमचा काय संबंध?" म्हणू नका. गटाचा हिशेब, ठराव, बँकेचा अर्ज, हे सगळं ज्यात करता येतं तो लिबरऑफिस नावाचा प्रोग्राम फुकट मिळतो आणि मराठीतही आहे. जगभरची माणसं मिळून तो बनवतात, कुणी पगारावर, कुणी हौसेनं. त्याचा कोड, म्हणजे आतली सगळी लिखापढी, कुणालाही पाहता येते, सुधारता येते. यालाच ओपन सोर्स म्हणतात. आपल्या गावातल्या शिकलेल्या मुलीलाही तिथं मज्जाव नाही.

पण मुभा असणं वेगळं आणि जमणं वेगळं. पुरणपोळ्या लाटायला आलेल्या शेजारणीला आपण म्हटलं, आधी गिरणीतून पीठ आण, पुरणयंत्र अमकीकडून आण, तवा तमकीकडून, तर ती पोळपाटापर्यंत पोचेल का? प्रोग्रामचंही तसंच. एक प्रोग्राम दुसऱ्या कितीतरी प्रोग्रामांच्या जिवावर उभा असतो. ते सगळे मशीनवर बसवल्याशिवाय नव्या माणसाला कामच सुरू करता येत नाही. यांना डिपेंडन्सी म्हणतात. मी आपली उसनवारी म्हणते.

लिबरऑफिसचा मूळ कोड जर्मनीतला. तो 2000 साली खुला झाला, आणि 2010 मध्ये स्वयंसेवकांनी वेगळी चूल मांडून लिबरऑफिस हे नाव घेतलं. हाती आलेलं घर जुनं होतं. कोडमधल्या सूचना ठिकठिकाणी जर्मन भाषेत. कोडपासून चालता प्रोग्राम तयार करायचं साधनही जुनं, फारसं कुणाला माहीत नसलेलं. त्यांनी काय केलं? सूचनांचं इंग्रजी केलं. जुन्या साधनाच्या जागी सगळीकडे वापरलं जाणारं 'मेक' आणलं. जावावर अवलंबून असलेले काही भाग पायथनमध्ये लिहिले. आणि ज्याचा काही उपयोग उरला नव्हता त्या कोडची यादीच करून ठेवली. ते तण उपटायचं काम मुद्दाम नव्या हातांना दिलं. खुरपणीला आलेली बाई शेत ओळखायला लागते, तसंच हे.

आपल्या देवनागरीचंही ऐका. जोडाक्षरं नीट जुळवायला विंडोज, मॅक आणि लिनक्सवर तीन वेगळ्या यंत्रणा होत्या. म्हणजे एका ठिकाणी नीट दिसणारं अक्षर दुसरीकडे बिघडायचं, आणि दुरुस्त करणाऱ्याला तिन्ही शिकायच्या. 2017 च्या 5.3 आवृत्तीत तिन्हींसाठी हार्फबझ ही एकच यंत्रणा आली. तीही उसनीच बरं का! म्हणून सगळी उसनवारी वाईट, असं मी म्हणणार नाही. तीन दारी जाण्यापेक्षा एक भरवशाचं घर बरं, एवढंच.

अशा कामाला टाळ्या मिळत नाहीत. माळा आवरला तर घरात कुणाला दिसतं? नवं बटण आलं की मात्र सगळे बघतात.

तुमची मुलगी किंवा सून कॉम्प्युटर शिकली असेल, तर तिला दोन गोष्टी सांगा. सी प्लस प्लस येत असेल तर लिबरऑफिसची 'ईझी हॅक्स' नावाची सोप्या कामांची यादी आहे. तिथं इंग्रजीत बोलावं लागतं, हे खरं. आणि कोड येत नसेल तर मराठी भाषांतराचं काम आहे. ते ब्राउझरमध्येच होतं, मशीनवर काही बसवावं लागत नाही. तोवर गटाचा हिशेब करताना मेनूत एखादा मराठी शब्द खटकला, तर वहीत टिपून ठेवा आणि तिच्या हातात द्या.