दाद आणि इस्लाह

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभासदांच्या छायाचित्र-प्रदर्शनाच्या उद्घाटनप्रसंगी केलेले भाषण)



या दालनाच्या भिंतींवर लावलेली चित्रे आपण थोड्याच वेळात पाहणार आहात. त्यांतील एकही चित्र धंदेवाईक छायाचित्रकाराने काढलेले नाही. सारी आपल्याच घरांतील माणसांनी मोबाइलवर टिपलेली आहेत. विषय एकच ठेवला होता : अमीनाबाद. नवाबी अमदानीतील वजीर अमीनुद्दौला यांचे नाव धारण करणारा हा बाजार आपणां मराठी मंडळींच्या संसाराचाही साक्षीदार आहे. लखनौत नव्याने बिऱ्हाड थाटणाऱ्यांपैकी कितीजणांनी पहिली भांडीकुंडी इथून आणली, आणि सुटीत गावी जाताना चिकनचे कुडते इथूनच नेले, हे आपण जाणताच.

कार्यकारी मंडळाने आम्हांस बोलावयास सांगितले, ते आम्ही या कलेत निष्णात आहोत म्हणून खास नव्हे. या कामी आमच्या हातून घडलेली एक चूक मंडळात सर्वश्रुत आहे. तेव्हा त्या चुकीपासूनच आरंभ करतो.

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या शेवटी मंडळाच्या व्हॉट्सॲप समूहावर एका वहिनींनी अमीनाबादचे चित्र पाठविले. सायंकाळची गर्दी, वर तारांचे जाळे, एका अंगाला कललेली दुकानांची रांग आणि मध्येच काहीतरी हललेले. खाली नित्याप्रमाणे 'छान', 'सुंदर', 'अप्रतिम' यांची रीघ लागली. आम्हांस मात्र त्या दिवशी सत्य बोलण्याची उबळ आली. 'चित्र तिरपे आहे, हात हललेला आहे, विषय कोणता ते कळत नाही', असा शेरा आम्ही साऱ्या समूहासमक्ष मारला. शेऱ्यातील शब्दन् शब्द खरा होता. वहिनींनी जोडलेल्या हातांची खूण पाठविली आणि त्यानंतर तीन-चार महिने त्यांचे एकही चित्र आले नाही.

संक्रांतीच्या तिळगुळाला त्या घरी आल्या तेव्हा उलगडा झाला. त्यांच्या मातोश्री साताऱ्यास असतात. वयोमानामुळे लखनौचा प्रवास आता त्यांना झेपत नाही. 'तू राहतेस ते गाव मला दाखव', असा त्यांचा लेकीपाशी हट्ट असे, आणि वहिनी दर रविवारी एक चित्र पाठवीत. आमच्या शेऱ्यानंतर त्यांनी आईला पाठविणेही बंद केले होते. 'भाऊजी, मला फोटो काढता येत नाहीत हे तुमच्यामुळं कळलं. मग आईला तरी वाईट कशाला दाखवायचं?' असे त्या हसत हसत म्हणाल्या. त्या हसण्याने आम्ही फार ओशाळलो. आमच्या अचूक शेऱ्याने साताऱ्यातील एका वृद्ध मातेची रविवारची खिडकी लावून घेतली होती.

आता कोणी म्हणेल, मग 'छान' म्हणणारेच बरे! आमचे मत तसे नाही. त्या तीस जणांच्या 'छान'ने वहिनींचा हात स्थिर झाला नाही की दुकानांची रांग सरळ झाली नाही. कित्येकांनी चित्र नीट पाहिलेही नसावे. न पाहता केलेली स्तुती आणि न विचारता केलेली टीका यांत एक साम्य आहे. दोहोंत काढणाऱ्याच्या मनात काय होते याची चौकशीच नसते.

या पेचातून वाट काढण्यास आपल्याला दूर जावयास नको. हे लखनौ शहर आहे. शायरीच्या या माहेरघरात अशा प्रसंगांसाठी दोन शब्द पूर्वापार चालत आले आहेत : दाद आणि इस्लाह. पैकी दाद आपल्या मराठीत केव्हाच मुरलेली आहे. गवयाच्या तानेला आपण दाद देतो आणि अन्याय झाला की कचेरीत दाद मागतो. दोन्हीकडे शब्द तोच, कारण मूळ फारसीत 'दाद' म्हणजे न्याय. दाद देणे म्हणजे कलाकृतीला न्याय देणे होय. तिच्यात नेमके काय साधले आहे ते ओळखून बोलणे, एवढा अर्थ त्या दोन अक्षरांत आहे. 'अप्रतिम' हा शब्द पन्नास चित्रांखाली पन्नास वेळा लिहिला, तर तो न्याय झाला काय?

दुसरा शब्द इस्लाह, म्हणजे सुधारणा. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नासिख आणि आतिश हे लखनौचे दोन थोर उस्ताद होऊन गेले. शागीर्दाने आपली गझल उस्तादापुढे ठेवावी आणि उस्तादाने तीत एखादा शब्द खोडून दुसरा घालावा, ही रीत त्या काळी सर्वत्र रूढ होती. दिल्लीस बसून मिर्झा गालिब आपले शिष्य मुन्शी हरगोपाल तफ्ता यांना टपालाने इस्लाह धाडीत, हे त्यांच्या पत्रांवरून आपल्याला ठाऊक आहे. म्हणजे दूर अंतरावरून चूक दाखविण्याची कलाही नवी नाही.

या रीतीचे मर्म तीन गोष्टींत आहे, असे आम्हांस वाटते. पहिली, इस्लाह मागितल्याविना दिली जात नाही. दुसरी, ती उस्ताद-शागिर्दांच्या नात्यातली गोष्ट असते, भर मुशायऱ्यात कोणी कोणाची वही तपासीत नाही. मुशायरा दादीसाठी असतो. आणि तिसरी, सर्वांत महत्त्वाची : शब्द बदलला तरी कल्पना शागीर्दाचीच राहते. शेर शागीर्दाला जे म्हणावयाचे आहे तेच अधिक नेटके म्हणू लागला, तर ती इस्लाह. उस्तादाला जे म्हणावेसे वाटते ते म्हणू लागला, तर ते अतिक्रमण. आमच्या शेऱ्याने हे तिन्ही नियम एकाच ओळीत मोडले होते.

आपल्या मराठी माणसाला ही शिस्त परकी वाटण्याचे कारण नाही. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी १९२६ साली याच शहरात संगीताचे महाविद्यालय स्थापन केले आणि श्रीकृष्ण रातंजनकर यांनी पुढे कित्येक वर्षे ते सांभाळले. चुकलेला स्वर तेथल्या तेथे दाखवावयाचा आणि विद्यार्थ्याकडून तो पुन्हा लावून घ्यावयाचा, ही तालमीची परंपरा आहे. मोबाइलने काढलेल्या चित्राला तेवढी तालीम मिळावी, इतकेच आमचे मागणे आहे.

मग आम्ही काय केले ते सांगतो. वहिनींची क्षमा मागितली आणि एका रविवारी सकाळी त्यांच्याबरोबर अमीनाबादेत गेलो. प्रथम विचारले, 'त्या चित्रात तुम्हांला काय दाखवायचं होतं?' त्या म्हणाल्या, 'काही विशेष नाही हो. ई-रिक्षातून उतरून गडबडझाल्यात बांगड्या घ्यायला जाते ना, ती वाट आईला दाखवायची होती.' आम्ही चकित झालो. ज्या चित्रात आम्हांला विषय सापडला नव्हता, त्याचा विषय वाट हा होता! एकदा हे कळल्यावर दुरुस्ती आपोआप सुचली. दुकानाच्या पायरीवर जरा उंच उभे राहावे, म्हणजे माणसांच्या डोक्यांपलीकडे वाट दिसेल. कोपर अंगाशी टेकवावे, म्हणजे हात हलणार नाही. पडद्यावर आडव्या-उभ्या रेघा आणण्याची सोय असते, ती चालू करावी, म्हणजे दुकाने कलणार नाहीत. आणि सर्वांआधी पदराने भिंग पुसावे, कारण दिवसभर बोटांचा तेलकटपणा त्यावर बसतो आणि दिव्यांभोवती धुरकट वलये येतात. यांतली एकेक गोष्ट आम्ही एकेका खेपेस सांगितली. चारही एकदम सांगितल्या असत्या, तर वहिनी पुन्हा घरी बसल्या असत्या.

प्रदर्शनाच्या तयारीत हीच पद्धत आम्ही इतरांबरोबर ठेवली. चिकनच्या दुकानातील कुडते पांढरेशुभ्र, पण चित्रात राखाडी आले, अशी कित्येकांची तक्रार होती. 'रंग बिघडलाय' एवढे सांगून कोणाचा लाभ होणार? कारण सांगावे लागते. कॅमेरा बहुधा समोरचे दृश्य मध्यम उजेडाचे मानून चालतो, म्हणून तो पांढऱ्याला काळवंडवितो आणि काळ्याला उजळवितो. पडद्यावर कापडाला बोट लावून उजेडाची खूण थोडी वर सरकवावी, पांढरे पांढरे होते. पांढऱ्या कापडावरील पांढरा धागा दिसावयाचा असेल, तर फ्लॅश बंद करून दाराच्या बाजूने येणाऱ्या तिरप्या उजेडात कापड धरावे. टाक्यांची लहानशी सावली पडते आणि नक्षी उठून येते. टुंडे कबाबीच्या काळ्याभोर तव्याचे याच्या उलट : तिथे उजेड खाली ओढावा, नाहीतर तवा राखेसारखा दिसतो. आमच्या काही कट्टर शाकाहारी सभासदांनीही त्या तव्याची चित्रे काढली आहेत. डोळ्यांना सोवळे नसते.

आणखी एक समीक्षक आपण विसरतो. ज्याचे चित्र काढावयाचे त्याला आधी विचारावे आणि नंतर दाखवावे. एका बांगडीवाल्याने चित्र पाहून म्हटले, 'साहब, चूड़ियाँ तो आ गईं, हमारा चेहरा कहाँ है?' इतकी नेमकी इस्लाह आमच्याने झाली नसती.

आता घेणाऱ्याविषयी. घेणे हे देण्याहून कठीण आहे. चित्रावर कोणी बोलू लागला की 'उजेडच नव्हता', 'मागून धक्का लागला', असा बचाव आपल्या ओठांवर येतो. तो गिळावा. साताऱ्यात किंवा सिडनीत चित्र पाहणाऱ्यापाशी आपण बचाव सांगावयास उभे नसतो, त्याच्यापाशी केवळ चित्र असते. 'कसं वाटलं?' असे विचारू नये, त्याचे उत्तर 'छान' हेच येते. 'सगळ्यांत आधी काय दिसलं?' असे विचारावे. तिघांनी एकच उणीव दाखविली तर ती मानावी. एकानेच दाखविली तर तो अभिरुचीचा प्रश्न असू शकतो. ऐकून घ्यावे, आभार मानावेत आणि निर्णय स्वतः करावा. शेवटी चित्र आपले आहे.

याच लखनौचे दारोगा अब्बास अली यांनी १८७४ साली शहराच्या पन्नास छायाचित्रांचा संग्रह प्रसिद्ध केला. त्या काळी एकेका चित्रासाठी काचेची जड तबकडी सिद्ध करावी लागे. आपण एका संध्याकाळी शंभर चित्रे काढतो आणि शंभरही पाठवितो. तेव्हा पहिली इस्लाह आपली आपणच करावी : शंभरांतून एक निवडावे.

मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या कार्यात होते. एकत्र जमून या कलेचा अभ्यास करण्याचा वारसा आपल्यालाही आहे. तेव्हा आमची सूचना अशी : समूह दादीसाठी राहू द्यावा, पण ती दाद चित्रातील एका तरी गोष्टीचे नाव घेऊन द्यावी. आणि ज्याला इस्लाह हवी त्याने मंडळातील एक जोडीदार निवडावा. महिन्यातून एकदा दोघांनी चहा घेत एकमेकांची पाच चित्रे पाहावीत.

डाव्या भिंतीवर, खिडकीशेजारी, बाजारातील एका वाटेचे चित्र आहे. ते पाहून साताऱ्याहून आलेला अभिप्राय वहिनींच्या अनुमतीने सांगतो आणि आपली रजा घेतो. मातोश्रींनी चित्राला 'छान' म्हटले नाही. त्यांनी फोन करून लेकीला सांगितले, 'त्या दुसऱ्या दुकानापुढची पायरी तुटलेली दिसतीय. तिथनं जपून जात जा.'